शांत झालाय हो आता

आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा होता. बोलण्यात वीसेक शब्द, अधूनमधून फिट, भात कालवून दिला की स्वतःच्या हाताने जेवणार. जगातली त्याची सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे एस्टी. रस्त्यावरून गेली की टाळ्या पिटत "लाल! लाल!" करून गल्ली डोक्यावर घ्यायचा. माझी नोकरी, दोन खोल्यांचं घर, अंथरुणाला खिळलेले सासरे. चार महिन्यांनी त्याला एका निवासी संस्थेत ठेवलं.

संस्था निवडताना मी काय पाहिलं? फरशी. चकाचक फरशी, भिंतीवर रंगवलेले ससे, पाहुणे आले की रांगेत उभी राहून प्रार्थना म्हणणारी मुलं. (मुलं म्हणजे चाळिशीचेसुद्धा. तिथे सगळे मुलंच असतात, आणि आठवड्याभरात मीही तसंच म्हणू लागले.) नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायची मला लाज वाटली. एवढं समाजकार्य करणाऱ्यांकडे कागद कसा मागायचा? भेटीची वेळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दहा ते बारा, व्हरांड्यात. आत जायचं नाही, "बाकीची मुलं बिथरतात."

तिसऱ्या महिन्यात अधीक्षक म्हणाले, "शांत झालाय हो आता. पहिल्यासारखा आरडाओरडा नाही." पुढच्या खेपेला मी पेढे घेऊन गेले.

पाचव्या महिन्यात आम्ही व्हरांड्यात बसलो असताना फाटकासमोरून एस्टी गेली. त्याने मान वर केली नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, अंगात दुसऱ्याच कुणाचा शर्ट, दंड माझ्या मुठीत मावेल एवढा, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. "अंग धरलंय जरा," तिथल्या मावशी म्हणाल्या. मी भांडून त्याला रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं नि विचारलं, "शौचाला होऊन किती दिवस झाले?" ते मलाही माहीत नव्हतं आणि फोन केला तर संस्थेतही कुणाला सांगता येईना. आतड्यात मळाचे खडे होऊन अडथळा झाला होता. सहा दिवस रुग्णालयात काढले.

मग एकेक उलगडत गेलं. जाताना त्याला फक्त फिटची गोळी होती. तिथे रात्री ओरडतो म्हणून रिस्पेरिडोन सुरू केलं, मग वाढवलं. त्याने हात कापू लागले म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल. पहिलीने गुंगी, दुसरीने बद्धकोष्ठ. आणि तो ओरडत का होता? त्याची मागची दाढ किडून पोखरली होती. दुखतंय हा शब्द त्याच्या वीस शब्दांत नाही. तो गालावर बुक्के मारायचा. वहीत नोंद होती: 'वर्तनसमस्या.' गोळ्यांची गुंगी उतरली तसं ओरडणं परत आलं होतं. दाढ काढली आणि तिसऱ्या रात्रीपासून तो ओरडायचा थांबला.

त्यामुळे आता कुणी विचारलं, संस्था कशी बघू, तर मी म्हणते, बागेत वेळ घालवू नका. संध्याकाळी सातनंतर, न कळवता जा. रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात ते विचारा. आमच्या तिथे तीस जणांमागे दोन मावशी होत्या, सलग बारा तासांची पाळी. त्यांच्यावर राग धरून काय करू? न्हाणीघर बघा. अंघोळीचं पाणी कोण विसणतं, पडदा आहे का, अंघोळ घालणारं कोण. ठसका लागणाऱ्याला बसवून भरवतात की आडवं ठेवूनच घास देतात, ते जेवणाच्या वेळी उभं राहून बघा. वजन, फिट, शौच या तीन नोंदी रोज आणि महिन्याला कशा होतात ते वही उघडून बघा. नवी गोळी कशासाठी, किती दिवस आणि कुणी लिहिली, हे सुरू होण्याआधी तुम्हाला कळलं पाहिजे; दर भेटीत पाकिटाचा फोटो काढा. आणि आपल्या माणसाबद्दल एक पान लिहून द्या. कान ओढला म्हणजे काय, गालावर मारलं म्हणजे काय. ते पान मी दिलं असतं तर!

कागदाची लाज तर सोडाच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. अर्थात शिक्का म्हणजे हमी नव्हे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली, पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही म्हणून.

दुसरा कागद पालकत्वाचा. वयाची १८ वर्षं झाली की आईबापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. भावंडांनाही अर्ज करता येतो. आईने तो केला नव्हता, मीही नाही. गोळ्या बदलल्या तेव्हा मी बहीण होते, कागदावर कुणीच नव्हते.

तक्रारीचंही सांगते, कारण तिथे मी कमी पडले. छळ होतोय असं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. मी काय केलं? माझ्या भावाला बाहेर काढलं, उरलेल्या महिन्याचे पैसे सोडून दिले आणि गप्प बसले. त्याच्या अंगातला तो शर्ट ज्याचा होता, त्याची चौकशीसुद्धा केली नाही.

आता तो दुसरीकडे आहे. फरशा तडकलेल्या, फाटक दिवसभर उघडं. गेल्या बुधवारी रात्री साडेनऊला फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळा आला. तिथल्या मावशी होत्या. "ताई, दोन दिवस झाले, त्याला शी झाली नाही. वहीत लिहिलंय. उद्या डॉक्टरांना दाखवते, तुम्ही येताय का?"