भोंग्याआधी प्रिंटर

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)

चि. सायली,


तुझा प्रोजेक्ट सावकाश वाचला. आमच्या आनंदनगर एमआयडीसीत असतात तशा रिअ‍ॅक्टरचा विषय घेतलास, याचा फार आनंद झाला. तापमान मोजणारा क्लास भोंग्याला ओळखत नाही, प्रिंटरलाही नाही. मर्यादा ओलांडली की तो फक्त डेलिगेट, म्हणजे त्याला जोडलेल्या मेथडची यादी, बोलावतो. हे उत्तम केलंस. उद्या पाण्याचा व्हॉल्व्ह जोडायचा झाला तरी त्या क्लासला हात लावावा लागणार नाही. सी शार्पमध्ये डेलिगेटची ही सोय २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे.

आता जिथे जीव अडकला ते सांगतो. तू आधी प्रिंटरची मेथड जोडली आहेस, मग भोंग्याची. जोडल्या त्याच क्रमाने त्या चालतात आणि एकीने एक्सेप्शन फेकलं की पुढच्यांची पाळी येतच नाही. समज, रात्रपाळीत प्रिंटरचा कागद संपला आणि त्याच्या मेथडने एक्सेप्शन फेकलं. तापमान चढतंय आणि भोंगा गप्प! उष्णता सोडणारी रिअ‍ॅक्शन असेल तर चढलेलं तापमान तिला आणखी वेग देतं. तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते. दोन्ही मेथड वेगवेगळ्या तपासल्यास तर दोन्ही बरोबर निघतील, म्हणून ही चूक टेस्टिंगमध्ये सहज निसटते. क्रम बदलून भागणार नाही, उद्या कोणी तिसरंच काही आधी जोडेल. ‘गेटइन्व्होकेशनलिस्ट’ने यादी घे, प्रत्येक मेथड स्वतंत्र ट्राय-कॅचमध्ये बोलाव, आणि जी फसली तिची नोंद ठेव. एक्सेप्शन गिळून मात्र टाकू नकोस.

तुझा डेलिगेट ‘काम झालं की नाही’ हे परत देतो. अनेक मेथड जोडल्या की हाती शेवटच्या मेथडचंच उत्तर लागतं, आधीची वाया जातात. यादीतून एकेक बोलावलीस की हाही प्रश्न सुटेल.

तो डेलिगेट पब्लिक फील्ड म्हणून उघडा ठेवला आहेस. बाहेरच्या कोणी += ऐवजी नुसतं = लिहिलं, तर भोंगा यादीतून पुसला जाईल. त्याच्या आधी ‘इव्हेंट’ लिही. मग बाहेरच्यांना जोडता आणि काढता येईल, पुसता किंवा परस्पर बोलावता येणार नाही.

आणखी एक. डेलिगेट मेथडबरोबर तिचं ऑब्जेक्टही धरून ठेवतो. म्हणून तापमानाचा आलेख दाखवणारी खिडकी बंद करताना -= केलं नाहीस, तर ती मेमरीत तशीच पडून राहील. तिथे तू लॅम्डा जोडलं आहेस. तेच काढताना पुन्हा लिहिलंस तर तो वेगळा डेलिगेट ठरतो आणि जुना तिथेच राहतो. आधी व्हेरिएबलमध्ये ठेव, मग जोड.

खऱ्या प्लांटवर भोंगा आणि व्हॉल्व्ह एकट्या प्रोग्रामच्या भरवशावर सोडू नयेत, त्यांचा इंटरलॉक वेगळा असावा. रिपोर्टमध्ये हे आवर्जून लिही, परीक्षकांनी विचारायची वाट पाहू नकोस.

बदल केलेस की प्रिंटर मुद्दाम बंद ठेवून चालवून बघ आणि भोंगा वाजला का ते कळव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा