आमच्या तलावावरची पाखरांची मोजणी



तुम्ही कोंबड्या मोजल्या असतील. शेळ्या तर रोज संध्याकाळी मोजूनच आत घेता. पण तलावावरची पाखरे कधी मोजली आहेत का? या जानेवारीत आम्ही सातवीच्या अकरा मुलामुलींनी गुरुजींबरोबर ती मोजली. कशी मोजली, ते येथे लिहितो.

आधी ही पाखरे येतात कोठून ते पाहू. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा लडाख, तिबेट, मंगोलिया, सैबेरिया या भागांतील तळी गोठून दगडासारखी होतात. पाखरांचे खाणे त्या बर्फाखाली राहते. पाखरे थंडीला भिऊन येतात असे आपण म्हणतो, पण त्यांच्या अंगावर दाट पिसे असतात. थंडी त्यांना सोसते, उपास सोसत नाही. म्हणून ती दिवाळीच्या सुमारास दक्षिणेकडे येऊ लागतात आणि उन्हाळा लागला की परत जातात.

हिवाळ्यात पक्षी मोजण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन पाखरे मारायला जाण्याची चाल होती. कोण जास्त मारतो याची पैज लागे. फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञांनी सुचवले की मारण्याऐवजी मोजा. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी पहिली मोजणी केली. आपल्या देशात पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिला आशियाई पाणपक्षी गणना म्हणतात. मोजणारे बहुतेक हौशी लोक असतात. नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या पाण्यावर फार पक्षी उतरतात. रामसर यादीत म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव आले. महाराष्ट्रातून ते पहिलेच.

आमचा पाझर तलाव कोणत्याच यादीत नाही. १९७२ च्या दुष्काळात तो बांधला. माझी आज्जी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने भरावावर पाट्या वाहिल्या. ती म्हणते, "आमी पान्यासाठी खपलो, पाखरं फुकटात आली."

मोजणीच्या आधी गुरुजींनी वर्गात सराव घेतला. फरशीवर मूठभर ज्वारी टाकली आणि विचारले, "दाणे किती?" मी नव्वद सांगितले. मोजले तर एकशे चोपन्न निघाले! सगळेच चुकले. मग गुरुजींनी युक्ती सांगितली. दहा दाणे नीट मोजायचे, ते किती जागा धरतात हे डोळ्यांत ठेवायचे आणि तेवढे तेवढे तुकडे पाडत पुढे जायचे. पाखरांचा मोठा थवा असाच मोजतात.

दिवस उगवायच्या आत आम्ही भरावावर गेलो. दुर्बीण एकच, ती पाळीपाळीने. ऊन पाठीशी घ्यायचे, नाहीतर सगळी पाखरे काळीच दिसतात. बोलायचे नाही. एकाने मोजायचे, एकाने लिहायचे. जे पाखरू ओळखता येत नाही त्याला मनाने नाव द्यायचे नाही.

चक्रवाक चौदा दिसले. नारिंगी रंगाचे, फार देखणे. जुन्या काव्यांत ही जोडी रात्री एकमेकांपासून ताटातूट होऊन रडते असे सांगतात. आम्ही गेलो तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते, पण जोड्या जवळजवळच बसल्या होत्या.

घोटाळा झाला तो वारकऱ्यांचा. वारकरी म्हणजे काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा. त्यावरूनच नाव पडले असावे. माझ्या जोडीदाराने १८६ मोजले आणि मी २४३. मी म्हणालो, मधला आकडा लिहू. गुरुजी म्हणाले, "मधला आकडा तुम्ही दोघांनीही पाहिलेला नाही." मग पुन्हा मोजले. तेव्हा कळले, एक घोळका बाभळींच्या मागे जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर येत होता. मी तो दोनदा धरला होता. खरे सांगायचे तर मला थोडी शंका आली होती. पण आपल्या तलावाचा आकडा मोठा दिसावा असे वाटले, म्हणून गप्प बसलो. शेवटी १८९ लिहिले.

परत येताना काठावर मोटार चालू करायला आलेले एक आबा भेटले. म्हणाले, "पोरांनो, जास्त लिव्हू नका. उद्या पाखरांसाठी आमच्या मोटारी बंद करत्याल." त्यांच्याबरोबरचे तात्या म्हणाले, "उलट दुप्पट लिव्हा, म्हंजी सरकार गाळ तरी काढंल." गुरुजींनी दोघांनाही सांगितले की या कागदाने कोणाची मोटार बंद होत नाही आणि गाळही निघत नाही. गणना करणाऱ्यांना फक्त खरा आकडा हवा असतो. आबांना ते पटले की नाही कोण जाणे. पण मोटार चालू करण्याआधी ते आमच्याबरोबर थोडा वेळ थांबले आणि टिबुकलीची बुडी त्यांनीच आम्हाला दाखवली.

पालकांपैकी काहींनी विचारले की शेकाटे कमी का झाले. गेल्या जानेवारीत ६१ होते, यंदा ९ आहेत. ते मेले असे नाही. गेल्या साली पाणी आटून काठाला चिखल उघडा पडला होता. शेकाट्याचे पाय लांब असतात. तो उथळ पाण्यात उभा राहून किडे टिपतो. यंदा तलाव काठोकाठ आहे, उभे राहायला जागा नाही. ते दुसरीकडे गेले असतील. म्हणून आकड्याशेजारी पाणी किती होते तेही लिहितात. एका सालावरून काही ठरवता येत नाही. त्याच जागी, त्याच वेळी, पुष्कळ वर्षे मोजावे लागते.

थापट्या बदक गेल्या साली होते, यंदा एकही नाही. तेथे शून्य लिहिले आहे. शून्य हासुद्धा आकडाच.

सगळा तक्ता शेजारी चिकटवला आहे. त्यात शेवटी 'अनोळखी बदके – ७' असे आहे. ती लहान होती, फार चपळ उडाली आणि उडताना पंखावर हिरवी पट्टी चमकली. चित्र खाली काढले आहे. नाव कोणाला ठाऊक असेल तर सातवीच्या वर्गात येऊन सांगावे.

– इयत्ता सातवी