तेविसाव्या रांगेतून

माझी कन्या अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील ज्या विद्यापीठात शिकत होती, तेथील संचलन करणाऱ्या बँडमध्ये ती चार वर्षे ट्रम्पेट वाजवीत असे. आणि शेवटच्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, घरच्या मैदानावरील तिच्या अखेरच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यास हजर राहून तिचे एक तरी मनाजोगे छायाचित्र घ्यावे, एवढ्याच हेतूने मी न्यू जर्सीहून मोटारीने दहा तासांची मजल मारून तेथे पोहोचलो होतो. सामना अर्धा होईतो माझ्या कॅमेऱ्यात सुमारे अकराशे छायाचित्रे जमली, आणि त्यांत तिचे एकही नव्हते. हे कसे घडले ते विस्ताराने सांगितल्यास, प्रेक्षागारात कॅमेरा घेऊन बसू इच्छिणाऱ्या आमच्यासारख्या आईबापांचा थोडाफार फायदा होईल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

या खेळाचा आपल्याकडील फुटबॉलशी आज नावापुरताच संबंध उरला आहे. आमच्या घरापासून जवळच असलेल्या न्यू ब्रन्सविक गावी ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो पहिला सामना झाला, त्यात एकेका बाजूस २५ खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभा नव्हती; आज ११ खेळाडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची अट, आणि चेंडू बहुतेक वेळ हातातच, असा त्याचा कायापालट झाला आहे. एकेक चाल अवघ्या काही सेकंदांची असते आणि सामना मात्र तीन-साडेतीन तास चालतो, ही बाब छायाचित्रकाराने पहिल्याप्रथम ध्यानी धरली पाहिजे. ती मी धरली नव्हती.

माझी पहिली चूक मैदानात पाऊल ठेवण्यापूर्वीच झाली. मुलगी मैदानावर दूर दिसणार, या समजुतीने मी हातभर लांबीची एक लेन्स भाड्याने आणली होती आणि ती, जादा बॅटऱ्या व कोरी मेमरी कार्डे असे सर्व साहित्य एका जाड कापडी थैलीत भरून फाटकाशी गेलो. तेथील पहाऱ्यावरच्या गृहस्थाने अत्यंत सौजन्याने, पण ठामपणे, मज्जाव केला: पारदर्शक पिशवीखेरीज अन्य पिशवी आत नेता येत नाही, आणि लेन्सच्या लांबीलाही मर्यादा आहे. नियम तिकिटासोबत आलेल्या पत्रात नमूद होता. तो वाचण्याची तसदी मी घेतली नव्हती, सबब दोष सर्वस्वी माझाच. मोटार दीड मैलावर उभी होती. तेथवर जाऊन, थैली तशीच्या तशी आत ठेवून, कॅमेऱ्यास एक साधी झूम लेन्स जोडून मी धावत परतलो तेव्हा सामन्यापूर्वीचे संचलन, ज्यात अखेरच्या वर्षाच्या मुलामुलींची नावे पुकारली जातात, ते आटोपून गेले होते. तिचे नाव पुकारले गेले तेव्हा तिची आई एकटीच टाळ्या वाजवीत उभी होती.

हे नुकसान भरून काढण्याच्या उतावीळपणाने मी दुसरी चूक केली. तेविसाव्या रांगेत बसून मी चेंडूचा पाठलाग आरंभिला. शटरचे बटण दाबून धरावे आणि सेकंदाला आठ-आठ चित्रे निघावीत, असा दोन पाव सामना गेला. मध्यंतर झाले, ड्रमचा पहिला ठोका पडला, शेकडो वादक मैदानावर ओळी धरून सरकू लागले, आणि कार्ड भरल्याचा इशारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटला. कोरी कार्डे दीड मैलावर मोटारीत होती. शिरस्त्राणे आणि पाठी यांनी भरलेली निरुपयोगी चित्रे एकेक करून पुसण्यात माझी मान खाली राहिली, आणि मी ती वर केली तेव्हा बँड मैदानाबाहेर निघाला होता.

म्हणून प्रथम ताकीद ही की, विद्यापीठाच्या क्रीडाविभागाची नियमावली आदल्या दिवशी वाचावी, कारण लेन्सच्या लांबीची मर्यादा ठिकठिकाणी निराळी असते. आणि जादा कार्ड व बॅटरी थैलीत न ठेवता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवावी. थंडीत बॅटरी लवकर निस्तेज होते; अंगाच्या उबेने ती टिकते.

जागेविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण प्रेक्षकाचे खरे भांडवल तेच आहे. अगदी पुढची रांग मिळाली म्हणजे भाग्य उजळले असे नवख्यास वाटते. परंतु तेथून सीमारेषेवर उभे असलेले राखीव खेळाडू आणि अधिकृत छायाचित्रकार यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. पंधरा-वीस रांगा वर गेल्यास ती गर्दी खाली राहते आणि खेळाडूंच्या मागे समोरच्या गॅलरीऐवजी निव्वळ हिरवळ येते. बहुतेक मैदाने दक्षिणोत्तर आखलेली असतात. त्यामुळे पश्चिमेच्या गॅलरीत बसणाऱ्यास दुपार उतरताना सूर्य पाठीशी मिळतो, आणि यजमानांची बाजू बहुधा तीच असल्याने बँडही सामान्यतः तिच्याकडेच तोंड करून वाजवितो. ज्याला खेळाचीच चित्रे हवीत त्याने मैदानाच्या कोपऱ्याजवळची तिकिटे घ्यावीत, कारण टचडाउनसाठी शेवटच्या रेषेकडे धावणारा खेळाडू तेथे आपल्या दिशेने येतो.

चेंडूमागे धावू नये. चाल सुरू होण्यापूर्वीच ती ओळखावी. तिसऱ्या प्रयत्नात आठ-नऊ यार्ड उरले असतील तर चेंडू बहुधा हवेतून फेकला जाणार, आणि एखादाच यार्ड उरला असेल तर तो पोटाशी धरून कोणीतरी घुसणार, एवढे समजले तरी दोन-तीन चित्रांत काम भागते. त्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवावा. बँडच्या रचनेस अडीचशेवा भागही पुरतो. फ्लॅशचा उजेड काही पावलांपलीकडे पोहोचत नाही आणि पुढच्या रांगेतील माणसांना त्याचा त्रास मात्र होतो, सबब तो बंदच असावा. खेळाडूंचे चेहरे शिरस्त्राणाच्या छायेत लपलेले असतात. मैदानाबाहेर आल्यावर ते शिरस्त्राण काढतात, तेव्हा कॅमेरा खाली ठेवू नये. आणि सीमारेषेवरच्या व्यावसायिकास जे दिसतच नाही, म्हणजे अख्ख्या मैदानाची आकृती, गॅलरीचा रंग, शेजारच्या बाकावरची तीन पिढ्यांची माणसे, ते आपल्या हक्काचे आहे, त्याकडे कॅमेरा वळवावा. मात्र शेजाऱ्यांच्या मुलाबाळांचे चित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

आमच्या शेजारी त्याच विद्यापीठातून शिकून गेलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पूर्ण सामन्यात त्यांनी फोन एकदाच उचलला, तो मध्यंतरात. मी काय गमावले ते माझ्या पत्नीकडून कळताच त्यांनी ते चित्र लागलीच पाठवून दिले. त्यात बँडने विद्यापीठाचे आद्याक्षर साकारले आहे आणि प्रत्येक वादकाची सावली हिरवळीवर तिरपी पडली आहे; माणसे तांदळाच्या दाण्याएवढी दिसतात. रात्री जेवताना मुलीने ते मोठे करून पाहिले आणि अक्षराच्या वळणावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, ही मी. उजवीकडून चौथी."