हालचालीतून नाद : लेझीमपासून संवेदकांच्या हातमोज्यापर्यंत

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी तालुक्यात दोन भिन्न विद्यांची केंद्रे एकमेकांपासून फार दूर नाहीत. पूर्वेस १९७३ साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच ‘सीप्झ’, स्थापन झाले आणि विद्युत उपकरणांच्या निर्मितीस तेथे चालना मिळाली. पश्चिमेस जुहू-विलेपार्ले परिसरात डॉ. कनक रेळे (१९३७-२०२३) यांनी १९६६ साली स्थापन केलेली नालंदा नृत्य संशोधन केंद्र ही संस्था नावारूपास आली. मोहिनीअट्टमच्या अध्यापनात त्यांनी शरीराच्या गतीचा शास्त्रीय पद्धतीने विचार केला व अंगसंचालनाच्या नोंदीची रीत अवलंबिली. नर्तकाच्या हालचालीचे पृथक्करण करता येते, ही दृष्टी त्यामागे होती. हीच हालचाल यंत्राने मोजून तिचे संगीतात रूपांतर करावयाचे, ही त्यापुढील पायरी होय. अंगावर धारण करावयाच्या या नव्या वाद्यांचा परिचय करून घेणे शिक्षक व लोकप्रतिनिधी यांना उपयुक्त ठरेल.

जुनी परंपरा

कल्पना नवी वाटली तरी तिचे मूळ रूप महाराष्ट्राच्या घराघरांत परिचित आहे. लावणी नर्तकी पायांत चाळ बांधते, कथक नर्तक घुंगरू बांधतो; पाऊल पडले की नाद उमटतो. लेझीम हे तर हालचाल आणि नाद यांची सांगड घालणारे अस्सल साधन. लाकडी दांडा, त्यास जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या धातूच्या चकत्या आणि हाती धरावयाची मूठ एवढाच त्याचा संच. मूळ फारसी शब्दाचा अर्थ सरावाचे धनुष्य असा आहे. आखाड्यातील जुनी लेझीमही धनुष्याच्या आकाराची व वजनदार असे. शाळांतील कवायतीत आलेले लहान दांड्याचे रूप हलके व मुलांना पेलणारे आहे.

लेझीमचे वैशिष्ट्य असे की, त्यात व्यायाम व वादन वेगळे काढता येत नाहीत. ‘चार आवाज’ किंवा ‘पवित्रा’ या प्रकारांत हात वेळेवर न फिरल्यास चूक डोळ्यांपूर्वी कानांस कळते. खेळणाऱ्याची परीक्षा त्याच्याच हातातील साधन घेत असते.

विद्युत साधनांचा प्रवास

पाश्चात्य देशांत या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास टाकले. त्यांच्या वाद्यास स्पर्श न करता केवळ हात जवळ वा दूर नेऊन स्वर चढविता-उतरविता येत असे. पुढे नर्तकाच्या साऱ्या देहाने स्वर बदलणारा मंचही त्यांनी तयार केला. विविध विद्युत वाद्यांना एकमेकांशी जोडणारी ‘मिडी’ ही समान संकेतप्रणाली १९८३ साली प्रचारात आली आणि प्रयोगांना वेग आला. १९८४ साली हॉलंडमध्ये मिशेल वायझविझ यांनी दोन्ही हातांत बसविण्याचे साधन वापरले. १९९१ साली लेटिशिया सोनामी यांनी संवेदकयुक्त हातमोजा तयार केला. ब्रिटिश गायिका इमोजेन हीप यांनी सहकाऱ्यांसह ‘मिमू’ हातमोजे विकसित केले. जानेवारी २०१६ मध्ये लास व्हेगास येथील तंत्रप्रदर्शनात ए. आर. रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटी पट्ट्यांच्या साहाय्याने हातवाऱ्यांतून वादन सादर केले.

कार्य कसे चालते

या साधनांचे कार्य चार टप्प्यांत समजून घेता येते. प्रथम संवेदक हालचाल टिपतो. त्वरणमापकात सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला एक अतिसूक्ष्म भार असतो. हात हलला की तो सरकतो व त्यामुळे विद्युत धारकतेत होणारा बदल मोजला जातो. दुसऱ्या टप्प्यात या मोजमापाचे अंकांत रूपांतर होते. तिसऱ्या टप्प्यात कोणत्या हालचालीस कोणता स्वर वा ठेका द्यावयाचा, हे आज्ञावली ठरविते. चौथ्या टप्प्यात ध्वनिवर्धकातून नाद बाहेर पडतो.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होय. लेझीममध्ये हालचाल व नाद यांचा संबंध साखळीच्या वजनाने ठरतो. जोर अधिक तर झणत्कार अधिक. विद्युत साधनात हा संबंध कोणीतरी निवडलेला असतो. बोट हलविताच संपूर्ण धून वाजावी अशी योजना केल्यास मूल काहीच शिकत नाही.

विलंबाचा प्रश्न

दुसरा मुद्दा वेळेचा. ध्वनी हवेत सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका टोकास हलगी वाजत असेल, तर ३४ मीटरवरील मुलांना ठोका सेकंदाच्या एक दशांशाने उशिरा ऐकू येतो. मिनिटास १२० ठोक्यांची लय असल्यास हा विलंब एका ठोक्याच्या पाचव्या हिश्शाइतका होतो व रांग विस्कळीत दिसते. हलगी रांगेच्या मध्याशी ठेवल्यास विलंब निम्मा होतो आणि दोन्ही टोकांना ठोका एकाच वेळी पोहोचतो. विद्युत साधनातही हाच नियम कडक आहे. बिनतारी ब्लूटूथ ध्वनिवर्धक वापरल्यास बहुधा सेकंदाच्या एक दशांशाहून अधिक उशीर लागतो. म्हणून वाद्यासाठी तारेने जोडलेला ध्वनिवर्धकच वापरणे इष्ट.

शाळा आणि गाव यांपुढील निवड

नव्या साधनांचे खरे मोल दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत दिसून येते. ज्या मुलास दांडा धरता येत नाही, परंतु मान किंवा खांदा हलविता येतो, त्यासही संवेदकामुळे वादनात सहभागी होता येते. ब्रिटनमधील विशेष शाळांत हालचाल टिपणाऱ्या ‘साऊंडबीम’ या साधनाचा असा उपयोग झाला आहे. त्वरणमापक साध्या स्मार्टफोनमध्येही असल्याने प्रयोगास मोठा खर्च येत नाही. मनगटास किंवा घोट्यास घुंगरू बांधणे हा तर त्याहूनही स्वस्त आरंभ होय.

मात्र एका मुलासाठी महागडा संच घेऊन साठ मुलांच्या हातातील लेझीम अडगळीत जाऊ नये, याची काळजी घेतली पाहिजे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेस ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपये व माध्यमिक शाळेस २५,००० रुपयांपर्यंत क्रीडासाहित्याची तरतूद करण्यात आली. एवढ्या रकमेत प्राधान्यक्रम विचारपूर्वक ठरवावा लागतो. मिरवणुकांतही हाच प्रश्न उभा राहतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे गावातील तरुण केवळ प्रेक्षक होतात; लेझीमच्या पथकात मात्र प्रत्येक जण वादक असतो.

नव्या साधनाची निवड करताना शाळा व्यवस्थापन समित्यांनी तीन प्रश्न विचारावेत : हालचालीचा नाद ताबडतोब उमटतो काय? मुलास स्वतःची चूक ऐकू येते काय? आजवर बाजूला बसणारे मूल त्यामुळे रांगेत येते काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर हातमोजा आणि लेझीम एकाच मैदानावर सुखाने नांदू शकतील.