कोटिंगची बाटली उघडण्याआधी

सडक अर्जुनीत नव्या कारला घरीच सिरॅमिक कोटिंग करायचं असेल, तर बाटलीच्या आधी महिना निवडा. आमच्या गडद निळ्या गाडीला मी ते एप्रिलमध्ये केलं. वेळ सकाळची, टिनाच्या शेडखाली सावली होती, तरी बोनेट हाताला कोमट लागत होतं. कोटिंगमधलं द्रावक उडून जातं आणि सिलिकाचा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा थर रंगाला धरतो. गार पत्र्यावर जादा द्रव पुसून घ्यायला थोडी उसंत मिळते. तापलेल्यावर फडकं हातात घेईपर्यंत तो घट्ट होतो. तसंच झालं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बोनेटभर पट्टे दिसले. ते शाम्पूने जात नाहीत. पॉलिश करूनच काढावे लागतात आणि त्यात मूळ क्लिअर कोटही थोडा झिजतो. नव्याकोऱ्या गाडीवर पॉलिशर फिरताना पाहणं जिवावर येतं, म्हणूनच हे सांगतो आहे.

आपल्याकडे योग्य काळ डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. नोव्हेंबरमध्ये हवा छान असते, पण धानाची मळणी सुरू असते आणि भुसा उडत अंगणात येतो. पावसाळी दमट हवेत कोटिंग फार लवकर आवळतं. थंडीतही दव वाळल्यावरच हात घाला आणि शक्यतो चारी बाजूंनी बंद जागा शोधा.

गाडी नवी म्हणून स्वच्छ असते, असं नाही. ट्रेलरवरून येताना, यार्डात उभी असताना लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात. आयर्न रिमूव्हर मारला की ते जांभळे होऊन ओघळतात. त्यानंतर भरपूर ओलाव्यासह क्ले बार हलक्या हाताने फिरवा. बोअरचं पाणी मात्र गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग कोटिंगखाली कायमचे कोंडले जातील. शोरूमला आधीच बजावा, डिलिव्हरीपूर्वी गाडी धुऊ नका. घाईच्या धुण्यातले ओरखडे कोटिंग लपवत नाही.

पहिला हात दाराच्या खालच्या भागावर मारून पाहा. नंतरही एका वेळी हातभर जागाच घ्या. एकाने लावावं, दुसऱ्याने पुसून बॅटरीच्या उजेडात तपासावं. वापरलेली फडकी धुऊन ठेवू नका: त्यातलं कोटिंग वाळून कडक होतं आणि पुढच्या वेळी रंग खरवडतं. दिवसभर पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको. पाखरांची विष्ठा दिसताच ओल्या कपड्याने उचला, कोटिंग असलं तरी.

बाटलीवरचा ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे. ५३ क्रमांकाच्या महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याला जुमानत नाही. तुमचं रोजचं जाणं साकोली-देवरी असेल, तर बोनेटच्या पुढच्या कडेला आणि बंपरला पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी जाड फिल्म, लावून घ्या, तीही कोटिंगच्या आधी. कोटिंग केलेल्या रंगावर फिल्म नीट धरत नाही.