चढाची वाट शोधताना

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आम्ही वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो. परंतु तिचा अर्थ आमच्या गुडघ्यांना कळला तो मात्र राजहंसगडाच्या पायथ्याशी, एका रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास. त्या फजितीची हकीकत आणि तीतून आम्ही जे शिकलो ते येथे सांगावयाचे आहे.

आमच्या शाळेतील आम्ही दोन शिक्षक व तीन माजी विद्यार्थी अशा पाच जणांनी साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये धावण्याचे ठरविले होते. ही शर्यत २०१२ पासून भरत आली आहे. सातारा शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि आल्या वाटेनेच परतायचे, असा तिचा मार्ग. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटर ९७.५ मीटर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनच्या बरोबर निम्मे. बेळगावच्या कँप भागातील सपाट, सावलीच्या रस्त्यांवर आम्ही पंधरा किलोमीटरपर्यंत मजल मारली होती. आता थोडा डोंगर केला की झाले, अशी आमची समजूत! म्हणून डोळ्यांना दिसणारा सर्वांत उभा चढ आम्ही निवडला. येळ्ळूरमार्गे राजहंसगड गाठला, माथ्यावर वारा खाल्ला आणि चढताना गेलेला वेळ भरून काढावा म्हणून उतारावर मुलांसारखे पळत सुटलो. पायथ्याशी आलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. तिसऱ्या दिवशी तर वर्गातील मुले तोंडावर हात ठेवून हसत होती. आम्ही चौघे आठवड्यात सावरलो. पाचव्याचा गुडघा मात्र सुजला आणि त्या वर्षी त्याला शर्यतीला मुकावे लागले. त्याने वर्षभर पहाटे उठून केलेली मेहनत आमच्या एका सकाळच्या उतावीळपणामुळे वाया गेली, ही रुखरुख आम्हांस लागून राहिली. तेव्हापासून ‘डोंगर कसा शोधावा’ हा आमच्या अभ्यासाचा विषय झाला.

डोंगरावर धावण्याचा सराव उपयोगी पडतो की नाही, याविषयी शंका नसावी. न्यूझीलंडचे विख्यात प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड हे ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगररांगांतून जाणाऱ्या २२ मैलांच्या चढउताराच्या मार्गावर आपल्या शिष्यांना धावावयास लावीत. त्या शिष्यांत पीटर स्नेल होते. त्यांची शर्यत अवघी ८०० मीटरची. तरी तेही याच वाटेने धावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल यांनी ८०० मीटरमध्ये व त्यांचे सहकारी मरे हालबर्ग यांनी ५००० मीटरमध्ये सुवर्णपदक पटकाविले, तर बॅरी मॅगी यांना मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळाले. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वेळी ते अंतर ४२.७५ किलोमीटर ठेवले होते, आजच्याहून अर्ध्या किलोमीटरने जास्तच. हे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते, याचा आम्हांस खेद वाटला.

आता शास्त्राकडे वळू. शंभर मीटर आडवे अंतर जाताना वाट पाच मीटर उंच झाली तर त्या चढास शेकडा पाचचा चढ म्हणतात. मिनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी धावपटूंना फिरत्या पट्ट्यावर धावावयास लावून २००२ साली जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांवरून असे दिसते की, सपाटीवर विशिष्ट अंतर धावण्यास जर शंभर भाग शक्ती लागली, तर शेकडा पाचच्या चढावर तेवढ्याच अंतरास सुमारे १३० भाग व शेकडा दहाच्या चढावर सुमारे १६५ भाग लागते. शेकडा दहाच्या उतारावर मात्र केवळ ६० भागांच्या आसपास. म्हणजे चढावर जे ६५ भाग जास्त खर्ची पडले त्यांपैकी उतार ४० भाग परत करतो आणि उरलेले ठेवून घेतो. चढउताराच्या शर्यतीत सपाटीवरची वेळ साधत नाही, ती का, हे या हिशेबावरून ध्यानी येईल.

परंतु शक्तीचा हिशेब निराळा आणि स्नायूंचा निराळा. उतरताना दम लागत नाही, म्हणूनच मनुष्य फसतो. त्या वेळी मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा वेग आवरून धरीत असतात. जणू गाडीचा ब्रेक सतत दाबून धरलेला असावा. त्यांत सूक्ष्म इजा होते आणि दुखणे एकदोन दिवसांनी शिगेस पोहोचते. यावर उपायही उतारच आहे, पण बेताचा. एकदा सौम्य उताराची ओळख झाली म्हणजे पुढील काही आठवडे तेच स्नायू तितके कुरकुरत नाहीत. म्हणून ज्या वाटेवरून चढायचे ती उतरण्यासही योग्य आहे का, हा प्रश्न आम्ही आता प्रथम विचारतो. पूर्वी तो आमच्या मनातही आला नव्हता.

अशी वाट डोळ्यांनी शोधू नये, नकाशावर शोधावी. भूगोलाच्या तासाला कंटाळून जांभया देणाऱ्यांनी पुढील ओळी सावकाश वाचाव्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्चरेषांमधील उंचीचा फरक सामान्यतः २० मीटर असतो. आता रस्त्याच्या रेषेवर दोरा ठेवा. दोन सेंटिमीटर दोऱ्याखाली रस्त्याने तीन समोच्चरेषा क्रमाने ओलांडल्या, तर एका किलोमीटरात तो सुमारे ६० मीटर चढला, म्हणजे शेकडा सहा. पाच ओलांडल्या तर शेकडा दहा. नवख्याने तेथे चालावे, धावू नये. दोरा रस्त्याच्या वळणावळणाने ठेवणे अगत्याचे आहे. सरळ पट्टी लावाल तर घाटाचा रस्ता आखूड भरेल आणि चढ आहे त्याहून भयंकर वाटेल. आमच्यातील तरुण मंडळी हेच काम भ्रमणध्वनीवर क्षणात करतात. ते सोयीचे खरे. पण दाट झाडीत वा कड्यालगत त्यातील उंचीचे आकडे कधीकधी चुकतात, आणि दोऱ्याने मोजलेली वाट स्मरणात राहते ती पडद्यावरची राहत नाही, असे आम्हांस वाटते. यावर आमच्यात एकमत नाही. असो.

दुसरा हिशेब शर्यतीचा. शर्यतीच्या नकाशावरून तिच्यातील एकूण चढ काढावा. समजा, तो ४०० मीटर भरला. जवळपास तेवढा उंच घाट नसेल तर हिरमुसण्याचे कारण नाही. १०० मीटर उंचीची टेकडी चार वेळा चढली तरी बेरीज तीच होते. मात्र पहिल्याच दिवशी चार वेळा नव्हे. आम्ही पहिल्या आठवड्यात एकदा, पंधरवड्याने दोनदा अशा बेताने, शेकडा चारपाचच्या चढावर, बोलता येईल इतक्याच वेगाने धावलो. वारंवार तीच टेकडी चढण्यात एक कंटाळा आहे, हे कबूल केले पाहिजे.

नकाशावर वाट ठरली तरी धावण्यापूर्वी ती एकदा पायी पाहून यावी, आणि ज्या वेळी धावायचे त्याच वेळी पाहावी. दुपारी शांत दिसणाऱ्या वस्तीत पहाटे कुत्र्यांचे राज्य असते. उसाच्या हंगामात ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारातच रस्त्यावर येतात, आणि अरुंद वळणावर त्यांच्यासाठी बाजूला होण्यास जागा आहे की नाही ते पाहून ठेवावे लागते. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. आंधळ्या वळणावर मात्र थांबून कानोसा घ्यावा. पावसाळ्यात शेवाळलेला उतार घातक. पाणी कोठे मिळेल, मध्येच पाय दुखावला तर परतण्यास एस.टी. वा रिक्षा कोठून मिळेल, हेही टिपून ठेवावे. एकट्याने निर्जन डोंगरावर जाऊ नये, आणि घरी वाट सांगून निघावे.

असे शोधता शोधता वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीपर्यंत जाऊन देवरवाडीकडे वळणारी वाट आमच्या पसंतीस उतरली. तेथून रस्ता वैजनाथाच्या डोंगरावर झाडीतून वर जातो. वर देऊळ आहे, सकाळी गारवा असतो, आणि राजहंसगडासारखा छातीवर येणारा चढ टाळून हवे तेथून परत फिरता येते. आमचा पाचवा सोबती दुसऱ्या वर्षी याच वाटेवर तयार झाला. पहिले कित्येक आठवडे तो चढ धावत जाई आणि उतार चालत येई. मागून येणारे सायकलस्वार त्याच्याकडे नवलाने पाहत. साताऱ्यास यवतेश्वरचा घाट उतरताना त्याने आम्हां चौघांनाही मागे टाकले, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अनेक अर्धमॅरेथॉनना अठरा वर्षे पूर्ण असण्याची अट असते, तेव्हा तुम्हांस अद्याप थोडा अवकाश आहे. तोवर वाटा शोधण्याचे काम मात्र तुम्ही करू शकता. आम्ही पाहिलेल्या प्रत्येक वाटेची लांबी, चढ, पाण्याची जागा व कुत्र्यांची वस्ती लिहिलेली एक वही भूगोलाच्या खोलीतील कपाटात ठेवली आहे. तिची अर्ध्याहून अधिक पाने अजून कोरी आहेत. दोरा व पट्टी त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात आहेत.