केसांच्या मुळाशी काय पोहोचतं?

केसगळतीवर डोक्याला लावायचं काहीही विकत घेण्याआधी तरुणांनी एक विचार मनातून काढून टाकावा, असं मी आग्रहाने सांगतो. तो विचार म्हणजे ‘लावून बघायला काय जातं?’ जातो तो वेळ, आणि या दुखण्यात गेलेला वेळ भरून निघत नाही. डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढचे दोन-तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि मग गळून त्याच जागी नवा उगवतो. पुरुषांच्या आनुवंशिक टक्कलात हा वाढीचा काळ दर फेरीला आखूड होत जातो. मूळ आक्रसतं, जाड केसाच्या जागी बारीक केस येतो आणि शेवटी नुसती लव उरते. आक्रसणं चालू असतानाच औषधाचा काही उपयोग होतो. लव होऊन बरीच वर्षं लोटली की कोणत्याही बाटलीतलं द्रावण त्या मुळाला पूर्वीसारखं करत नाही. त्यामुळे एखाद्या साध्यासुध्या तेलाच्या भरवशावर विशीतली दोन वर्षं काढणं मला मुळीच निरुपद्रवी वाटत नाही, मग त्या तेलाने टाळूला काही अपाय झालेला नसला तरी.

मुळं का आक्रसतात, हे समजायला दोन जुनी निरीक्षणं पुरेशी आहेत. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवलं, की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले किंवा निकामी झाले, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस विरळ होऊ लागतात. दुसरं निरीक्षण १९७४ साली प्रसिद्ध झालं. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणं प्रकटत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन होतं, मात्र त्याचं डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या ५-अल्फा रिडक्टेज या विकराची उणीव होती. मोठेपणी या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. म्हणजे मुळं आक्रसतात ती डीएचटीमुळे, आणि तीही ज्यांच्या मुळांना त्याची आनुवंशिक संवेदनशीलता आहे त्यांचीच. हेल्मेट, टोपी, बोअरचं पाणी, तेल न लावणं यांनी केस रुक्ष होतील किंवा तुटतील, पण हे आक्रसणं त्यांच्यामुळे होत नाही. याच धाग्यावरून फिनास्टेराइड हे औषध पुढे आलं आणि टक्कलासाठी त्याच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली.

मिनॉक्सिडिलची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतली तर पुढची निम्मी निराशा टळते. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ही गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढू लागले, तेव्हा कुठे कंपनीचं लक्ष त्याच्या या गुणाकडे गेलं. डोक्याला लावायच्या २ टक्के द्रावणाला अमेरिकेत १९८८ साली मंजुरी मिळाली. मिनॉक्सिडिल डीएचटीला हात लावत नाही. ते विसावलेल्या मुळांना लवकर वाढीच्या टप्प्यात ढकलतं आणि तो टप्पा लांबवतं. म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांत बऱ्याच जणांचे केस उलट जास्त गळतात, कारण नवा केस वर येताना जुना विसावलेला केस बाहेर पडतो. नेमक्या याच वेळी घाबरून औषध सोडणारे पुष्कळ असतात. शिवाय मिनॉक्सिडिल आहे त्या रूपात काम करत नाही. टाळूतलं सल्फोट्रान्सफरेज हे विकर त्याला मिनॉक्सिडिल सल्फेटमध्ये बदलतं आणि खरं काम ते करतं. हे विकर सगळ्यांच्या टाळूत सारख्या प्रमाणात नसतं. एकाच बाटलीने एका भावाचे केस भरतात आणि दुसऱ्याचे तसेच राहतात, यामागचं एक कारण हे आहे. मिनॉक्सिडिलच्या उपयोगाचा पुरावाही चांगला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ आठवड्यांच्या चाचणीत ३९३ पुरुषांना ५ टक्के, २ टक्के किंवा औषध नसलेलं द्रावण दिलं गेलं. त्यात ५ टक्के गटातली नवी वाढ २ टक्के गटापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त होती. मग १० टक्के आणखी चांगलं असेल, असं दुकानात सांगितलं जातं. पण ९० पुरुषांवरच्या एका तुलनेत ५ टक्केच सरस ठरलं आणि १० टक्क्याने टाळूला जळजळ अधिक झाली.

आता कांद्याच्या तेलाकडे वळू, कारण त्याचा खप मोठा आहे आणि त्याच्या जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द हमखास असतात. हे संशोधन खरोखर अस्तित्वात आहे. बगदादमध्ये केलेला तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कांद्याचा कच्चा रस दिवसातून दोनदा लावलेल्या २३ जणांपैकी २० जणांचे केस सहा आठवड्यांत उगवले. पण ते सगळे चाईचे रुग्ण होते. चाईमध्ये शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात, रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे पडतात आणि पुष्कळदा उपचाराविनाही केस परत येतात. डीएचटीने आक्रसलेल्या मुळांशी त्याचा काही संबंध नाही. त्यातही अभ्यास ताज्या रसाचा होता आणि बाटलीत मिळतं ते तेल. एका आजाराचा पुरावा दुसऱ्या आजारावर चिकटवणं ही या बाजारातली सर्वांत मोठी फसगत आहे, आणि ती सहज पचते, कारण ‘केस गळणं’ या एका नावाखाली आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

रोझमेरीचं प्रकरण जरा अवघड आहे, कारण तिथे आजार योग्य होता. इराणमधल्या २०१५ सालच्या एका अभ्यासात १०० जणांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला रोझमेरी आणि दुसऱ्याला २ टक्के मिनॉक्सिडिल सहा महिने दिलं. निष्कर्ष निघाला की दोन्ही सारखेच. पण आकडे जवळून पाहा. रोझमेरीच्या गटात सरासरी केस सुमारे १२३ वरून १३० झाले आणि मिनॉक्सिडिलच्या गटात सुमारे १३८ वरून १४१, तर गटातल्या माणसामाणसांतली तफावतच चाळीस-पन्नास केसांची होती. काहीही न लावलेला तिसरा गट नव्हता. बाजारात ५ टक्के मिनॉक्सिडिल मिळत असताना तुलना २ टक्क्यांशी झाली होती. दोन्हींनी जेमतेम काही घडवलं, एवढंच यातून म्हणता येतं. कॅफीनलाही हीच कसोटी लावायला हवी. जर्मनीत प्रयोगशाळेत ठेवलेल्या मुळांवर टेस्टोस्टेरॉनचा वाढ रोखणारा परिणाम कॅफीनने कमी केला, हे २००७ साली दिसलं. पुढे मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रचिता धुरत यांच्या पुढाकाराने २१० पुरुषांवर चाचणी झाली आणि ०.२ टक्के कॅफीनचं द्रावण ५ टक्के मिनॉक्सिडिलपेक्षा फारसं कमी नाही, असं आढळलं. हा पुरावा मी रोझमेरीपेक्षा वजनदार मानतो, पण कोण काय लावतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि औषधविरहित गट तिथेही नव्हता. शिवाय हे टाळूवर राहणाऱ्या द्रावणाबद्दल आहे. दोन मिनिटांत धुऊन टाकायच्या शॅम्पूला तोच गुण चिकटवण्याआधी वेगळा पुरावा मागायला हवा.

माका, पेपरमिंट यांच्याबाबत जे प्रयोग पुढे केले जातात ते बहुतेक उंदरांवरचे. उंदराच्या पाठीवरचे केस भादरून औषध लावतात आणि केस किती लवकर उगवले ते मोजतात. पण त्याच्या पाठीवरचे केस एकाच लयीत वाढतात आणि थांबतात, आणि त्याला आपल्यासारखं टक्कल पडतच नाही. महागड्या सिरमांतले नव्या नावांचे घटक पाहिले, तर त्यांचे अभ्यास छोटे आणि बरेचदा तो घटक बनवणाऱ्यांनीच केलेले असतात. लेबल वाचायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा : सौंदर्यप्रसाधनांत १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहितात, त्याखालचे कसेही लिहिता येतात. आणि आपल्या औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये, ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांच्या यादीत टक्कलही आहे. ‘टक्कल घालवतो’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तिथूनच मागे फिरावं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आमच्याकडे तेलाने खरंच केस आले, ते काय खोटं? खोटं नाही. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन किंवा कडक डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात आणि कारण दूर झालं की काही महिन्यांत आपोआप भरून येतात. त्या काळात जे लावलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. कारण शोधल्याशिवाय औषध शोधू नये, हे तर बुलढाण्याने अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं. २०२४च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांची डोकी रिकामी होऊ लागली. आधी बुरशीचा, पाण्याचा संशय घेतला गेला, पण डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. तिथे ना मिनॉक्सिडिलचा उपयोग होता, ना कांद्याचा. अचानक, सगळीकडून किंवा चट्ट्यांनी केस जात असतील तर केमिस्टच्या काउंटरवर न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूच्या मागच्या भोवऱ्यापासून संथपणे विरळ होत असेल, तेव्हाच वरची सगळी चर्चा लागू पडते.

मी औषधांची बाजू घेतो म्हणून त्यांचे धोके झाकणार नाही. फिनास्टेराइड आता मिनॉक्सिडिलसोबत द्रावणातही मिळतं आणि ‘वरून लावलं की रक्तात जात नाही’ असं सांगून विकलं जातं. ते जातं. ०.२५ टक्के स्प्रेच्या मोठ्या चाचणीत रक्तातलं डीएचटी सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. गोळीने सुमारे ५६ टक्क्यांनी. म्हणजे परिणाम कमी, पण शून्य नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ साली, मंजुरीविना मिसळून विकल्या जाणाऱ्या अशा द्रावणांबद्दल इशारा दिला. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या : नैराश्य, चिंता, कामेच्छा कमी होणं, आणि काहींमध्ये औषध थांबवल्यावरही टिकलेला त्रास. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हे औषध सुरू करूच नये. घरात गर्भवती असेल तर तिचा या द्रावणाला स्पर्श होऊ देऊ नये, कारण ज्या विकराला ते रोखतं त्याच विकराची गर्भातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या घडणीला गरज असते. मिनॉक्सिडिल लावल्यावर हात साबणाने धुवावेत आणि डोकं पूर्ण वाळेपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊ नये. वडिलांच्या डोक्याच्या स्पर्शाने तान्ह्या बाळांच्या अंगावर दाट लव आल्याच्या नोंदी युरोपात झाल्या आहेत. मांजराला तर हे औषध अगदी थोड्या प्रमाणातही जिवावर बेतू शकतं, त्यामुळे उशीचा अभ्रासुद्धा त्याच्यापासून लांब ठेवावा.

‘एकदा सुरू केलं की जन्मभर लावावं लागतं’ ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. थांबवल्यावर तीन-चार महिन्यांत, मिनॉक्सिडिलने राखलेले केस जातात. मूळ कारण तसंच चालू असल्यामुळे याला इलाज नाही. ज्याला ही बांधिलकी नको, त्याने टक्कल आनंदाने बाळगावं. ते आरोग्याला घातक नाही आणि या निवडीबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याला उपचार करायचा आहे त्याने सुरुवातीच्या दिवशी एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, कोरड्या केसांचे कपाळाचे आणि भोवऱ्याचे फोटो काढून ठेवावेत, कारण रोज आरशात बघणाऱ्याला हळूहळू होणारा फरक दिसत नाही. सहा महिन्यांनी तसेच फोटो पुन्हा काढावेत. गळती थांबून केस आहेत तेवढेच राहिले, तरी औषध काम करतं आहे असं धरावं. बारा महिन्यांनी फोटोत केस आणखी विरळ दिसत असतील, तर ते औषध आपल्या टाळूवर चालत नाही असं समजून डॉक्टरांशी बोलून दुसरा मार्ग घ्यावा, पण त्याच्या जोडीला तीन तेलं वाढवू नयेत.